तीन छोट्या शिट्ट्या

संचारबंदी उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी परळच्या शाळेच्या मैदानात कबांचं, म्हणजे धाकट्या स्काउटांचं, पथक भरलं. पथक चालवणाऱ्या कालिंदीबाईंनी शिट्टी गळ्यात घातलीच नाही. पिशवीच्या तळाशी ठेवली. बावीसपैकी नऊच पोरं आली होती. एरवी या माकडांना आवरताना बाईंच्या नाकी नऊ यायचे. आज कोणी कुणाची टोपीसुद्धा उडवत नव्हतं.

तीन छोट्या शिट्ट्या वाजल्या की असाल तिथून बाईंकडे धाव घ्यायची. मागेपुढे बघायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. हा नियम बाईंनीच पोरांच्या अंगवळणी पाडला होता आणि आठ वर्षांचा लवू त्यात कायम पहिला यायचा. मोर्चावर गोळीबार झाला त्या दिवशी त्याच्या चाळीखालच्या नाक्यावर शिट्ट्या वाजल्या. लवू जिना उतरून थेट त्या आवाजाकडे धावला आणि गोळी लागून गेला.

आज त्याची आई, जाईबाई, धाकट्या गुणाजीचा हात धरून फाटकातून आत आली. संचारबंदी उठल्यापासून रोज बाई तिला भेटायला म्हणून निघत होत्या आणि चिंचपोकळीच्या पुलावरून परत फिरत होत्या.

"लोका म्हणतत, लवू दगड मारूक गेलो," जाईबाई म्हणाली. "माझो झील तसो नव्हतो. 'बाई बोलावतत' म्हणालो नि धावलो. बाई, तुमीच होतात ना थंय?"

हो म्हटलं असतं तर त्या माउलीच्या जिवाला तेवढाच आधार झाला असता. नुसतं नाही म्हणून सुटणंही सोपं होतं. बाईंना दोन्ही जमेना.

"मी घरी होते, जाईबाई. ती शिट्टी पोलिसांची. पण असं धावायला त्याला मीच शिकवलं." बाईंनी पिशवीतली शिट्टी काढून तिच्यापुढे धरली. "हे पथक मी आजपासून बंद करतेय."

जाईबाईने डोळ्यांना पदरही लावला नाही. मग गुणाजीचा हात सोडून तिने त्याला बाईंच्या पुढ्यात ढकललं.

"बंद करू नकात. ह्याका घेवा. पण बाई, शिट्टी कोणाची, ता आधी बघूक शिकवा."