अडायची जागा

दोन वर्षं घासून तिने आजच्या संगीतकारांचे तीन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादकासाठीच्या मोठ्या पाश्चात्त्य रचना, व्हायोलावर बसवले, वाद्यवृंदासोबत चार दिवसांत रेकॉर्ड केले, आणि ते बाहेर येऊन आता आठवडा झाला होता. मान अवघडलेली, बोटं सोललेली, आणि कौतुक म्हणाल तर औषधालाही नाही. आईने फोनवर पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "वाद्यं लावून झाली की सांग हं, मग नीट बसून ऐकते." पेपरातल्या समीक्षकाने एका वाक्यात निकाल लावला: यातला एकही सूर ऐकणाऱ्याबरोबर घरी येत नाही.

नवऱ्याला विचारण्यात अर्थच नव्हता. तिने व्हायोला खांद्याला लावला की तो स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचा. दोन वर्षं हेच. ती समजायचं ते समजली होती.

तरी आज तिने विचारलंच. "लावू का? ऐकतोस?"

"आत्ता? भांडी पडलीत गं," म्हणत तो आत गेला आणि दार लोटलं.

ती सोफ्यावर आडवी झाली. आत नळ सुरू झाला आणि त्याबरोबर त्याचं गुणगुणणंही. ती ऐकत राहिली आणि हळूहळू उठून बसली. दुसऱ्या कॉन्चेर्टोची ती वाकडीतिकडी चाल, एकेक वळण अचूक. चाल वर चढत गेली आणि सरावात ती रोज जिथे ठेचकाळायची, नेमकी तिथेच थांबली.

"च्यायला!" तो अगदी तिच्यासारखा करवादला, आणि पुन्हा पहिल्यापासून गुणगुणू लागला.