लालसर तारा

कल्पना करा, बाळांनो, तुमचे बाबा चिलीच्या वाळवंटात एका भल्यामोठ्या दुर्बिणीवर शास्त्रज्ञ आहेत. शाळेत किती भाव खाल!

देवरुखच्या शाल्मलीनेही खाल्ला. संध्याकाळी आकाशदर्शनाला सगळा वर्ग मैदानात जमला, तेव्हा ती म्हणाली, "त्या लालसर ताऱ्याचं नाव थेट माझ्या बाबांनाच विचारू!" बाईंनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडे सकाळचे अकरा वाजले होते. रात्रपाळी करून झोपलेले बाबा उठले.

"बाबा, डोक्यावर लालसर तारा दिसतोय. कोणता हो?"

गेली सहा वर्षं बाबा दुर्बिणीला ताऱ्याच्या जागेचे आकडे देत, दुर्बीण आपली आपण वळे, आणि ते बंद खोलीत संगणकावर आलेख बघत. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून तिथला पडदासुद्धा सरकवायचा नसे.

"शालू, त्याचे आकडे सांगतेस? लगेच ओळखतो."

"काका, आकाशात आकडे कुठे लिहिलेत?" यशोधन ओरडला. "शाले, तुझे बाबा दुर्बिणीवर आहेत की कँटीनमध्ये?"

सगळे खिदळले. शाल्मलीने झटकन स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"मला नाही गं माहीत," बाबा हळूच म्हणाले.

"हो का? बरं, सांगते," ती मोठ्याने म्हणाली आणि वर्गाकडे वळली. "बाबा म्हणतात, उत्तर आयतं मागायचं नाही. ज्याचं त्याने शोधायचं."

"वा! याला म्हणतात शास्त्रज्ञ," बाई भारावून म्हणाल्या.

शाल्मलीने त्यांच्या हातातला आकाशाचा नकाशा घेतला आणि टॉर्च पेटवून लालसर तारा शोधायला बसली.