अडलेलं नाव

नवरी उखाण्यात नवऱ्याचं नाव घेताना लाजून अडली, लग्नघर हसलं. दाराआड बसलेल्या विधवा बकुळाबाईंना मात्र वीस वर्षांपूर्वीचा मुनशी आठवला. बंड मोडून गोऱ्यांनी झाशी लुटली, पुरुषांना बांधून वेशीपाशी नेलं, त्यांत बकुळाबाईंचा नवराही होता. कैद्यानं सांगितलेलं नाव घरच्यांनीही सांगितलं, तर सुटका होती. "नाम बोल दो, बाई, छूट जाएगा," कागदावर बोरू टेकवून मुनशी म्हणाला. नवऱ्याचं नाव घेतलं, की त्याचं आयुष्य घटतं, असं आईनं शिकवलेलं. "निळूचे वडील," एवढंच बोलून त्या दिराला बोलवायला बडा बाजारात धावल्या. नाव भावजी सांगतील. परतल्या तेव्हा वेशीवरच्या कडुनिंबाला नवऱ्याचं प्रेत लटकत होतं. "अगं, घे ना!" बायका नवरीला चिडवत होत्या. जिथं विधवेनं यायचं नसतं, तिथं बकुळाबाई आल्या. "नाव घे, पोरी," त्या म्हणाल्या, "वेशीपर्यंत ऐकू जाईल असं."