बेमालूम ठिगळ

गोल्फची मोठी स्पर्धा असली की मैदानावरच्या प्रत्येक हिरवळीवर रोज सकाळी कालचा होल गवताच्या ठिगळाने बुजवतात आणि दुसरीकडे नवा पाडतात. काल एका नामांकित खेळाडूचा चेंडू अशाच बुजवलेल्या ठिगळावर अडखळला, तेव्हा व्यवस्थापक बाईंनी हेडमाळ्याला सगळ्यांदेखत सुनावलं, "उद्या शेवटच्या हिरवळीवर ठिगळ दिसलं, तर तुम्ही आणि तुमचे मेव्हणे, दोघंही घरी!"

मग काय विचारता! आज दोघांनी पालथं पडून होल बुजवला, पातीला पाती जुळवली, कात्रीने कडा कातरल्या, वर मेव्हण्याने खिशातला कंगवासुद्धा फिरवला.

"दाजी, मुंगी चालली तरी घसरून पडेल!"

"गप रे, दृष्ट लावू नकोस."

बाई आल्या. चष्मा सावरत हिरवळभर गुडघ्यांवर रांगल्या आणि शेवटी त्यांनीच हार मानली. "कमाल केलीत हो! कुठं होता कालचा होल?" खरं सांगतो, त्या दोघांनाही तो दाखवता येईना. बाईंनी नोकरी तर राखलीच, वर चारचौघांत पाठही थोपटली. दोघं छाती फुगवून तिथेच कडेला उभे राहिले.

दुपारी पहिला खेळाडू शेवटच्या हिरवळीवर पोचला. गर्दीने श्वास रोखला. तो चेंडूमागे वाकला, उठला, हिरवळीला एक अख्खी फेरी मारून आला आणि हेडमाळ्यापाशी येऊन हळूच म्हणाला,



"मामा, जुना झकास बुजवलात, पण नवा कुठं पाडलाय?"