दांडी नसलेलं वजन

गणेशच्या तळहातावर, चारही बोटांच्या मुळाशी, घट्टे आले होते. मसुराच्या दाण्याएवढे, कडेला पिवळसर. एका महिन्यात एवढे घट्टे येतात हे कोकिळाला माहीत नव्हतं. तो ते खिडकीच्या उजेडात धरून तिला दाखवत होता.

"उगीच नाही आले हे. काल शंभर किलो उचलले जमिनीवरून. सागर म्हने, दादा, तुमच्या वयाचं कोनीच उचलत नाही नांदुऱ्यात."

सागर म्हणजे गावात नव्यानं निघालेल्या एसी जिमचा मॅनेजर. भिंतभर आरसे, वाफेची खोली, घाम पुसायला रोज धुतलेला पांढरा टॉवेल. पहिला महिना सवलतीत होता आणि तो आज संपत होता. पुढचं वर्ष हवं असेल तर चार पोती तुरीचे पैसे एकदम भरायचे. गणेशचं खत-बियाण्यांचं दुकान बरं चाललं होतं, पण बायकोनं हो म्हटल्याशिवाय एवढी रक्कम द्यायला त्याचा हात धजत नव्हता. आणि आठवडाभर विचारूनही कोकिळा काही बोलत नव्हती.

फोन वाजला. "हाव बे सागर, भरून राह्यलो. संध्याकाळलोक थांब ना." फोन कानापासून काढून तो तिच्याकडे वळला. "बोल ना वं आता. भरू का नको?"

"फायदा काय होते त्याचा?"

"फायदा? अंगात ताकद येते. कंबर मजबूत होते."

"कोकिळे," कॉटवरून त्याच्या आईनं, कौशल्याबाईंनी हाक दिली. "चाल वं. मले जा लागते."

दिवाळीत त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाऊल अजून पडत नव्हतं. कॉटवरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून संडासात, आणि तसंच परत. दर वेळी उचलायची ती कोकिळाच. गणेश पुढं झाला की त्या त्याचा हात झिडकारायच्या.

कोकिळा कॉटजवळ गेली, सवयीनं वाकली आणि मध्येच थांबली. कमरेतून निघालेली कळ उजव्या टाचेपर्यंत गेली. ती हळूहळू सरळ झाली. पुन्हा वाकली नाही.

"काऊन थांबली?" कौशल्याबाईंनी विचारलं.

तिनं गणेशकडं पाहिलं. "आईचं वजन किती असन हो?"

"असन पन्नास-पंचावन."

"बासष्ट. दवाखान्यात केलं होतं. अन् त्याले धरायले दांडी नसते."

गणेशला हसू आलं, ते त्यानं गिळलं. "मी कुठं नाही म्हनतो? आईच हात लावू देत नाही."

"पोरानं मायचं लुगडं सावरावं का?" कौशल्याबाई म्हणाल्या. "लोक थुंकतीन. अन् तुले काय झालं वं आज? रोज तं उचलते."

"तुम्ही बाकड्यावर पडून वजन घेता," कोकिळा गणेशला म्हणाली, "तवा मागं कोन उभं असते?"

"सागर. हात सुटला तं धराले."

"माह्यामागं कोन असते?"

गणेश म्हणाला, "एखादी बाई लावू."

"परकी बाई?" कौशल्याबाई कडाडल्या. "मी मेल्यावर लाव!"

कोकिळानं खुंटीवरची त्याची जिमची बॅग काढली आणि तिच्यातून कमरेचा चामडी पट्टा ओढून घेतला. चार बोटं रुंद, वजन उचलताना बांधायचा. सासूच्या लुगड्याच्या निऱ्या तिनं नीट दाबून बसवल्या. कमरेभोवती चादरीची घडी गुंडाळली, वरून पट्टा बांधला. तो शेवटच्या भोकात बसला. पट्ट्याखाली दोन बोटं घालून तिनं पाहिलं. फार आवळला नव्हता.

"हे काय वं? मले पैलवान करतं का आता?"

"हे फक्त पट्टा धरतीन, आई. तुमच्या अंगाले हात नाही लागत. लुगडं माह्या हातात राहीन. संडासातही मीच असन जवळ. उचलनं तेवढं ह्यांचं."

"अन् मी नाही म्हनलं तं?"

"तं बसू आपन." कोकिळा कॉटच्या कडेला बसली. "मी आता उचलत नाही. माही कंबर गेली आई. एखाद्या दिवशी तुम्हाले घेऊन पडन मी. मग दोघींले कोन उचलन?"

ती हे आवाज न चढवता बोलली. कौशल्याबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

फोन पुन्हा वाजला. पडद्यावर सागरचं नाव होतं. गणेशनं तो घेतला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला.

"त्याले सांगा, थांब म्हना," कोकिळा म्हणाली. "पहिले इथलं उचलून दाखवा. मग सांगते भरायचे का नाही ते."

फोन वाजून वाजून बंद झाला. कौशल्याबाईंची बोटं पट्ट्याच्या बकलावर गेली. त्यांनी ते चाचपलं, बकलाची जीभ भोकातून जराशी उचकटली. कोकिळा हलली नाही. गणेशही हलला नाही. मग म्हातारीनं जीभ परत होती तशी बसवली आणि हात मांडीवर ठेवला.

"गणेश," तोंड भिंतीकडं ठेवूनच त्या म्हणाल्या. "तो फोन ठेव खाली. आजपासून तू उचल मले."