चार दिवस उशीर

ओविड पेल्की गुडघाभर चिखलात उभा राहून बायकोच्या, सिमोनच्या, भाजी धुवायच्या चाळणीनं मासे पकडत होता. वॉरन टोझर काठावरून हाक मारणार, तेवढ्यात म्हाताऱ्यानंच त्याला पाहिलं.

"अरे, ये ये! बूट काढ आधी, सरकारी दिसतात. आणि ती दुसरी बादली घेऊन ये."

वॉरन राज्याच्या पाणी खात्यात अधिकारी होता. त्याच्या खिशात वॉशिंग्टनहून आलेलं पत्र होतं. त्याची नक्कल टपालानं पाठवता आली असती. पण तोंड लपवल्यासारखं होईल म्हणून तो दोन तास गाडी चालवत स्वतः आला होता, आणि आता त्याला वाटत होतं, टपालानंच पाठवायला हवी होती.

त्यानं बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि तो चिखलात उतरला.

ऑगस्टात इथे नदी म्हणावी असं काही उरत नसे. वरच्या धरणातलं सगळं पाणी मोठ्या नळातून थेट वीजघराकडे जाई आणि मधलं दीड मैल पात्र कोरडं पडे. डबक्यांत अडकलेले ट्राउट, पाणी तापलं की पोटं वर करून तरंगायला लागत. त्याआधी जमतील तेवढे बादलीत भरून ओविड घरामागच्या ओढ्यात नेऊन सोडी. तीस वर्षं हा उद्योग चालला होता. आता तो एक्क्याऐंशी वर्षांचा होता.

"हे शेवटचं वर्ष बघ," ओविड खुशीत म्हणाला. "पुढच्या ऑगस्टात मी व्हरांड्यात बसून बीअर पिणार आणि नुसतं पाणी बघणार. तुझा कागद फ्रिजवर लावलाय. पडू नये म्हणून सिमोननं चार चुंबकं ठोकलीत त्याला."

तो कागद म्हणजे वॉरननं सव्वीस वर्षांच्या नोकरीत केलेलं सगळ्यात चांगलं काम. वीज कंपनीचा धरणाचा परवाना संपला होता आणि नवा वॉशिंग्टनहून मिळायचा होता. पण त्याआधी नदीचं पाणी चांगलं राहील असा दाखला राज्यानं द्यावा लागतो. त्या दाखल्यात राज्य जी अट घालेल ती परवान्यात येतेच, वॉशिंग्टनलाही ती खोडता येत नाही. वॉरननं अट घातली होती, या दीड मैलात बाराही महिने पाणी वाहतं ठेवायचं. कंपनीच्या वकिलांशी भांडून घातली होती.

मात्र दाखला द्यायला राज्याला एकच वर्ष मिळतं, तेही कंपनीचं दाखला मागणारं पत्र कचेरीत पडल्या दिवसापासून. वर्ष उलटलं की राज्याला काही म्हणायचंच नव्हतं, असं धरून चालतात.

"काका, तो कागद काढून टाका."

"का? नवा आणलास?"

"कंपनीचं पत्र शुक्रवारी आलं होतं. मी ते मंगळवारी उघडलं. शिक्काही मीच मारला, मंगळवारचा. वर्ष तिथून मोजलं आणि शेवटच्या दिवशी सही केली. त्यांच्या वकिलांनी शुक्रवारची पोच काढून दाखवली." वॉरनचा हात खिशातल्या पत्राकडे गेला. "सही चार दिवस उशिरा झाली. अट गेली."

"मग परत लिही."

"आता नाही लिहिता येत."

"नवा परवाना किती वर्षांचा आहे?"

"चाळीस."

ओविडनं हिशोब केला नाही. करायची गरजही नव्हती. त्यानं चाळणीतला मासा बादलीत सोडला आणि हात पाण्यात बुचकळले.

"शुक्रवारी कुठे होतात तुम्ही?" आतापर्यंतचं 'अरे' गेलं होतं.

आजारी होतो, असं सांगता आलं असतं. कोण तपासायला जाणार होतं?

"हरणाच्या शिकारीला. शनिवारी हंगाम उघडत होता. आमच्याकडे सगळेच शुक्रवारी दुपारी निघतात, सोमवारी रजा घेतात."

इकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. हंगाम उघडायच्या दिवशी ओविडही साठ वर्षांत कधी घरी राहिला नव्हता.

"मिळालं?"

"मिळालं. आठ टोकांच्या शिंगांचं."

"मोठं होतं म्हणायचं."

"हो."

ती शिंगं कचेरीत वॉरनच्या खुर्चीमागेच लावलेली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरिष्ठ "होतं असं" म्हणून मोकळे झाले होते. म्हाताऱ्यानं तरी आईबापावरून दोन शिव्या घालाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं. म्हातारा पुन्हा डबक्यावर वाकला.

"शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही सुनावणी घेतलीत, आठवतं? प्रत्येकाला तीन मिनिटं. मी या माशांचंच सांगत होतो. तुम्ही घंटी वाजवलीत, माझं वाक्य अर्धंच राहिलं. मी खाली बसलो."

"आठवतं."

"घरी येईपर्यंत सिमोन धुसफुसत होती. म्हाताऱ्या माणसाला अर्धं मिनिट जास्त दिलं तर काय बिघडणार होतं यांचं, म्हणत होती. मी म्हटलं, उलट बरंय की. माणूस वेळेचा पक्का आहे. आपलं काम होणार."

त्यानं भरलेली बादली उचलून वॉरनच्या हातात दिली.

"चला साहेब. उशीर नको, पाणी तापतं."