सर्व्हरची पूजा

झेंडूची माळ. दाराशी रांगोळी. पडद्यावर "सर्व्हरशी संपर्क होत नाही." काचेवर बोटं आपटणारा एका बाळंतिणीचा नवरा.

तिला रक्त हवं होतं. गट दुर्मीळ, त्याच्या दात्यांची यादी फक्त रक्तपेढीच्या सर्व्हरवर.

"प्लग काढून लावला का, ताई?" इंजिनीयरने फोनवर विचारलं.

"तीनदा! आता काय नारळ फोडू?" रक्तपेढीतली हेमांगी ओरडली.

"पंख्यासमोर काही अडकलंय का? तापला की बंद पडतो सर्व्हर."

काल खंडेनवमीला सर्व्हरची पूजा करून घातलेली जाड माळ तिने ओरबाडून काढली. मशीन निवायला वीस मिनिटं लागली. यादीत गावातलं एकच नाव होतं. ती नंबर फिरवत असतानाच वॉर्डातून नर्सचा फोन आला.

"राहू दे आता, हेमा."

तो दाता सकाळीच रक्त द्यायला आला होता. सिस्टिम बंद म्हणून हेमांगीनेच त्याला उद्या यायला सांगितलं होतं.